अभ्र्यांवरची राख

मावशीचा कोणावरच विश्वास नव्हता. साबणवाला वजनात मारतो, पाणी सोडणारा वरच्या आळीला अर्धा तास जास्त देतो, आणि मी, तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, चिमटे मोजून ठेवत नाही, असं तिचं ठाम मत होतं. यातलं शेवटचं खरं होतं. गावात तिला ‘फौजदार’ म्हणत. नाव तिला आवडायचं, तरी ते मुळात ठेवलं कोणी याचा तपास तिने कधी थांबवला नाही.

तिची लाँड्री होती. दवाखाना आणि दोन लॉज, एवढ्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे आमच्याकडे धुवायला यायचे. खाली बॉयलर, टाक्या आणि इस्त्रीचं लांब टेबल. वर गच्चीत वाळत घालायला चौदा दोऱ्या. गच्चीच्या भिंतीला लागून पलीकडे बेकरी होती आणि बेकरीचं धुराडं बरोबर आमच्या अकराव्या दोरीसमोर यायचं. भांडायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

हवा बदलली हे गावात सगळ्यांत आधी मावशीला कळलं असणार, पण हवेवर संशय घ्यायचं तिला सुचलं नाही. पूर्वी सकाळी घातलेली चादर जेवणवेळेपर्यंत दमट लागायची. मग अशी वर्षं आली की शेवटची दोरी भरेपर्यंत पहिलीवरच्या चादरी वाळून कडक व्हायच्या. मावशी म्हणाली, “कापड पातळ करायला लागले मेले.” नळ आधी रोज यायचा, मग दिवसाआड, मग चार दिवसांनी. तिने पाणी सोडणाऱ्याला भर रस्त्यात गाठून विचारलं, “वरच्या आळीकडून काय मिळतं रे तुला?” त्या बिचाऱ्याने तिला स्कूटरवर बसवून तलाव दाखवायला नेलं. तलावात चिखलच उरला होता. त्यानंतर तिने त्याला कधी छेडलं नाही, पण माझं चुकलं असंही म्हणाली नाही.

राखेचं मात्र वेगळं होतं. पांढऱ्या अभ्र्यावर काळा ठिपका दिसला की मावशी भिंतीशी जायची.

“अहो बेकरीवाले! तुमच्या धुराड्याला जाळी बसवायची म्हटलं होतं ना?”

“बसवली की, फौजदारबाई. गेल्या वर्षी तुम्हीच वर चढून बघितलीत.”

“मग ही राख काय माझ्या केसांतून पडली?”

हे रोजचं. भांडण संपता संपता बेकरीवाला भिंतीवर कागदात गुंडाळलेला गरम पाव ठेवायचा. त्याच्या वडिलांपासूनची रीत होती. मावशी तो उचलून हातात तोलायची, “वजन कमी आहे,” म्हणायची आणि माझ्यासाठी एक तुकडा ठेवून सगळा संपवायची.

डागाळलेला एखादा अभ्रा ती परत धुवायची नाही. दवाखान्याला पदरचा नवा देऊन तो बाजूला ठेवायची. त्याला टाचणीने तारखेची चिठ्ठी लावून पलंगाखालच्या ट्रंकेत टाकायची आणि कुलूप घालायची. “पुरावा आहे,” म्हणायची. किल्ली कमरेला. मला वाटायचं, एक दिवस ही बाई त्या माणसाला कोर्टात खेचणार. गावभर तिचं एकच पालुपद होतं: “हा माणूस एक दिवस गाव पेटवेल.”

आणि त्या वर्षी गाव पेटलं. पाऊस जेमतेम झाला होता, थंडी नावाला पडली होती, आणि उन्हाळा लागायच्या आतच गावामागचा डोंगर धडाधडा जळाला. दोन दिवस जळत होता. पायथ्याची तीन घरं गेली, एक गोठा गेला, आतल्या गाईंसकट. आम्ही चादरी ओल्या करून खिडक्यांना बांधल्या होत्या. मावशी गच्चीवर उभी राहून डोंगराकडे बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला आगीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

आग विझल्यावर माणसं माणसांकडे बघायला लागली. गोठेवाल्याने कोणाशी वाद घातला होता, कोण संध्याकाळी डोंगराकडे विडी ओढायला जायचं, सगळं उकरून झालं. शेवटी सापडला तो चोर. बेकरीवाला भट्टीतली राख पायथ्याच्या खड्ड्यात टाकतो हे सगळ्यांना माहीत होतं. धगधगती टाकली असणार, असं ठरलं. आणि साक्ष कोणाची? आमच्या मावशीची. “फौजदार कधीपासून ओरडून सांगतेय,” लोक म्हणायला लागले. कोणीतरी बेकरीच्या काचा फोडल्या. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली.

वनखात्याचा साहेब आला आणि शाळेच्या हॉलमध्ये चौकशी लागली. आग बेकरीवाल्याच्या राखेने लागली असं ठरलं तर त्याला अटक होणार होती. मावशीला बोलावणं आलं. तिने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि मला म्हणाली, “धर त्या बाजूने.”

रस्ताभर मी ट्रंकेची एक बाजू धरून चालत होते. इतक्या वर्षांचा पुरावा घेऊन ही त्या माणसाला बुडवायला निघाली आहे आणि मी हमाली करते आहे, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

बेकरीवाला बाकावर मान खाली घालून बसला होता. मावशीने त्याच्याकडे बघितलं नाही. कुलूप काढून तिने दोन अभ्रे साहेबाच्या टेबलावर पसरले.

“ही भट्टीची राख. लाकडाची. पिठासारखी असते, झटकली की जाते. आणि ही बघा, पानांची. चष्मा लावून बघा. यात शिरा दिसतात. ही चोळली की पिवळा डाग पडतो, तो निघत नाही. बेकरीत पानं जाळत नाहीत.”

“मग ही कुठली?”

“डोंगरापलीकडची. वारा तिकडून सुटला की येते. आग लागायच्या आधी पाच दिवस रोज येत होती, रोज जास्त. आणि त्या पाच दिवसांत बेकरी बंद होती. पीठ मळायला पाणी कुठे होतं? मीसुद्धा साठवलेल्या पाण्यावर दवाखान्याचे तेवढे अभ्रे धूत होते.”

साहेब म्हणाला, पलीकडचा भाग त्याच्या हद्दीत येत नाही. मावशी म्हणाली, “राखेला हद्द कोणी सांगितली नसेल.” हॉलमध्ये कोणीतरी हसलं. साहेब बाहेर जाऊन फोन करून आला. पलीकडचे डोंगर आठवडाभर जळत होते.

मग तो ट्रंकेतले अभ्रे एकेक काढून चिठ्ठ्या वाचू लागला. सगळ्यांत जुना अकरा वर्षांपूर्वीचा. त्या साली पानांची राख एकदाच पडली होती, अगदी उन्हाळ्याच्या शेवटी. पुढच्या साली दोनदा, थोडी आधी. मग आणखी आधी, आणखी जास्त वेळा. यंदाची थंडीतच.

“बाई, ही राख यांची नाही हे तुम्हाला कळलं कधी?”

मावशीने पदराने टेबलावर सांडलेली राख पुसली. ती नाही सांगणार असं मला वाटलं.

“चार वर्षं झाली,” ती म्हणाली. “बसने पलीकडे जाऊन बघून आले होते. हिला सांगितलं, दात दाखवायला जातेय. तिथे डोंगरच्या डोंगर काळे, पाखरू नाही. घाबरले मी साहेब. आता हे इकडे येणार, हे दिसत होतं. पण घरी येऊन ओरडू कोणावर? डोंगरावर? हा भिंतीपलीकडे होता. याला दोन शब्द सुनावले की बरं वाटायचं, सगळं पहिल्यासारखं वाटायचं.” मग ती बेकरीवाल्याकडे वळली. “चुकलं माझं.”

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. “चार वर्षं?” एवढंच म्हणाला. साहेबाने मोकळं केल्यावर तो आमच्याकडे न बघता निघून गेला. रिकामी ट्रंक घेऊन परत येताना मला मावशीचा राग आला होता आणि माझी स्वतःची लाजही वाटत होती. अभ्रे साहेबाने ठेवून घेतले होते.

बेकरी पुन्हा सुरू झाली. बायकोमुलं परत आली, काचा बसल्या, धुराड्यातून धूर यायला लागला. भिंतीवर पाव मात्र आला नाही. मावशी रोज सकाळी अकराव्या दोरीशी उगाच रेंगाळायची, एकच चादर तीनदा झटकायची. मी बाजारातून पाव आणला तर म्हणाली, “शिळा आहे,” आणि खाल्ला नाही. भांडण होतं तोवर माणूस होता, आता दोन्ही गेलं होतं. मला तिची दया आली, आणि हे तिला कळलं असतं तर तिने मला कामावरून काढलं असतं.

दीड महिन्याने पुन्हा वारा फिरला. मावशीने एक अभ्रा उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला आणि भिंतीशी गेली.

“अहो, राख पडतेय!”

पलीकडे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. मावशी तशीच उभी होती, अभ्रा छातीशी धरून.

“कुठली?” पलीकडून आवाज आला.

“पलीकडची,” मावशी म्हणाली. “तुमची नाही.”