पुढचं चाक काकाचं, मागचं बाबांचं

आमच्या दुकानाला दोन दारं होती. हवा यावी म्हणून नव्हे, उजेडासाठी तर मुळीच नव्हे. एक दार माझ्या वडिलांचं आणि एक माझ्या काकाचं. डाव्या दाराने पुढचं चाक आत यायचं, उजव्या दाराने मागचं. मध्ये भिंत वगैरे काही नव्हती. एकच खोली, हवा भरायचं एकच यंत्र, ट्यूब बुडवून पंक्चर बघायची पाण्याची टाकीही एकच. पण चुकून कोणी काकापुढे मागचं चाक ठेवलं, तर काका मान वर न करता म्हणायचा, ‘त्या दाराने या.’ मग बिचारा चाक उचलून बाहेर जायचा आणि दुसऱ्या दाराने त्याच खोलीत परत यायचा. नवा माणूस असेल तर चक्रावून जायचा.

काका गेला त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे म्हणतात, काय देवमाणूस होता. देवमाणूस कसला, महाखडूस होता. ते कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आणि मला त्याची इतकी आठवण येते की दुकानात रबराचा वास आला तरी डोळे भरतात, आणि दुकानात रबराचाच वास असतो, आता बोला.

आमच्याकडे यायचे ते मातीत मोटारसायकल पळवणारे. डोंगर, बंद पडलेली दगडाची खाण, कोरडा ओढा, जिथे रस्ता नाही तिथेच यांना जायचं असतं. या गाड्यांना बटणांचे टायर लागतात, म्हणजे अंगावर रबराचे गट्टू उठलेले. जमीन कडक असेल तर बटणं आखूड आणि दाट हवीत, नाहीतर दगडावर टेकायला जागाच मिळत नाही. रेतीत आणि चिखलात उंच आणि विरळ हवीत, म्हणजे ती आत रुततात आणि माती सोडतातही. एवढं कोणालाही कळतं. खरी डोकेदुखी पुढे असते. वाट कुठेच एकसारखी नसते, आणि दोन चाकांची कामंही वेगळी. मागचं ढकलतं, पुढचं वळवतं. दोघांचं जमलं नाही की माणूस तोंडावर आपटतो.

काका पुढच्याचा. त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने आधी माती आणायची, डब्यात, रुमालात, कशातही. आणि ती वळणावरची हवी. ‘सरळ काय, म्हैससुद्धा जाते,’ असं म्हणायचा. मग ती माती मुठीत दाबायचा आणि मूठ उघडायचा. गोळा तसाच राहतो, भेगाळतो की सांडून जातो, ते बघायचा. मग कपाटातून एकेक टायर काढून त्याची बटणं अंगठ्याने वाकवून बघायचा, आणि तोवर समोरच्याने गप्प बसायचं. कोणी मध्ये बोललं की पहिल्यापासून सुरुवात. ट्यूबला लावायच्या पांढऱ्या पावडरीने त्याचे हात कोपरापर्यंत भरलेले असत. आई म्हणायची, हा भाजी चिरायला बसला तर भाजी धुवायची की याला, कळत नाही. स्वतः मात्र जन्मभर सायकल चालवली. मोटारसायकलवर बसायची भीती वाटायची त्याला.

बाबा मागच्याचे. ते माती बघत नसत, माणूस बघत. वजन किती, हात किती सैल, गाडी सोडताना घाई करतो का. हळू बोलायचे आणि एकदा म्हणाले की म्हणाले.

मी लहान असताना दोघं शेजारी बसून काम करायचे, शिट्ट्या मारायचे, एकमेकांच्या ताटातलं उचलून खायचे. मग शिंप्याचा पाय मोडला. हा शिंपी म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, दिवसभर मशीन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी खाणीत गाडी उडवायचा. दोघांनीच त्याचे टायर निवडले होते. बाबा म्हणाले, पुढच्या चाकाची पकड सुटली. काका म्हणाला, मागच्याने नको तितकं ढकललं म्हणून सुटली. ही बाचाबाची चालली होती शिंप्याच्या खाटेच्या दोन बाजूंना, आणि तो मधे पाय बांधून पडलेला. शेवटी काका बोलून गेला, ‘तुला फक्त ढकलताच येतं. लहानपणापासून तेच करतोयस.’ बाबा काही न बोलता निघून आले. त्यानंतर त्यांच्यात बोलणं बंद आणि दुकानाला दुसरं दार.

शिंप्याचा पाय बरा झाला, तो पुन्हा गाडी उडवू लागला. यांचं मात्र बरं होईना. काका वरच्या खोलीत एकटा जेवायला लागला. आई ताट वाढून वर पाठवायची, आणि पाठवायची कोणाबरोबर, तर माझ्याबरोबर. निरोपही माझ्याकडेच. ‘तुझ्या बापाला सांग, यंत्राचा पट्टा सैल झालाय.’ बापाला ते ऐकू गेलेलं असायचंच, तीन हातांवर तर बसलेले. तरी मी सांगायचं. मग बाबा म्हणायचे, ‘त्याला सांग, बघतो.’ माझं अर्धं लहानपण या टपालात गेलं. मला राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं, कारण दोघंही रात्री आईला विचारायचे, तो जेवला का.

मोठी झाल्यावर मी स्वतःच गाडी चालवायला लागले. दोघांनाही ते पसंत नव्हतं आणि दोघांनाही त्याचा अभिमान होता. डोंगरावरून ओढ्यात उतरायची मोठी शर्यत आली तेव्हा मी ठरवलं की आता बास. ही वाटच अशी होती की अर्धी दगडी आणि अर्धी रेताड. बाबांचं जन्माचं म्हणणं, कडक जमिनीसाठी निवडा, कारण वेग तिथे मिळतो. काकाचं म्हणणं, रेतीसाठी निवडा, कारण माणूस तिथे पडतो. काही निवडा, पण दोन्ही चाकं एका विचाराची हवीत. म्हणजे यावेळी त्यांना एकमेकांशी बोलावंच लागणार होतं. मला जिंकायचं होतं, नाही असं नाही. पण खरं तर मला हे बोलणं हवं होतं.

मी पुढचं चाक काकापुढे ठेवलं आणि माती दिली. त्याने मूठ दाबली, उघडली आणि विचारलं, ‘तुझा बाप काय म्हणतो?’

‘तूच विचार त्यांना. मी निरोप्याचं काम सोडलंय.’

काकाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर रस्त्यात त्याची टोपी उडवली होती. मग मी मागचं चाक बाबांकडे नेलं. त्यांनीही हळूच विचारलं, ‘त्याने काय ठरवलंय?’ मी तेच उत्तर दिलं. त्या दिवशी दुकानात इतकी शांतता होती की टाकीत ट्यूबमधून निघणारे बुडबुडे ऐकू येत होते. मी बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत होते की आता एक तरी बोलेल. कोणी बोललं नाही.

शर्यतीच्या सकाळी दोघांनी आपापलं चाक आणलं आणि दुसऱ्याच्या चाकाकडे ढुंकूनही न बघता आपापलं बसवलं. मी गाडीभोवती फेरी मारली आणि दोन्ही टायर वाकून पुन्हा बघितले. पुढे आखूड बटणांचा, दगडी जमिनीचा. मागे उंच बटणांचा, रेतीचा. याहून वाईट जोडी शोधूनही सापडली नसती. बरं, काका आणि दगडी टायर? बाबा आणि रेतीचा? दोघांनी आयुष्यभर जे नाकारलं तेच आणून बसवलं होतं. दोघं कुंपणाच्या दोन टोकांना उभे होते, गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत. मी काही बोलले असते तर पुन्हा कोण चुकलं यावर सुरू झालं असतं. मी सरळ गाडी सुरू केली.

दगडावर मागचं चाक तेलावरून गेल्यासारखं घसरत होतं, पण मी निभावलं. ओढ्यातल्या पहिल्याच वळणावर मागून दणकून ढकललं गेलं आणि पुढचं चाक वळायचं सोडून रेतीत सरळ घुसलं. मी हवेत होते आणि मग नव्हते. गळ्याजवळचं हाड मोडलं.

डोळे उघडले तर दोघं दोन बाजूंनी वाकलेले. काका धापा टाकत म्हणत होता, ‘दगडी का नाही बसवलास? तू दगडीच बसवणार म्हणून मी पुढे दगडी लावला.’

बाबा म्हणाले, ‘तू रेतीचाच लावणार, मला माहीत होतं. म्हणून मी मागे रेतीचा घेतला.’

दोघांनी एकदमच वळून गाडीकडे बघितलं. दोघांनी एकाच रात्री हार मानली होती आणि दोघांनी ती एकमेकांना सांगितली नव्हती. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे इतकं पक्कं माहीत असणारी माणसं इतकी वर्षं कशी गप्प राहू शकतात, मला आजही कळत नाही.

‘विचारायचं तरी,’ काका म्हणाला.

‘तू विचारायचंस.’

‘तू मोठा आहेस.’

‘म्हणूनच तू विचारायचंस.’

मी रेतीत पडून रडत होते, आणि दोघांना वाटलं दुखतंय म्हणून. दुखतही होतं. मला दवाखान्यात नेईपर्यंत ते भांडत राहिले, तिथे डॉक्टरसमोरही भांडले, आणि त्यानंतर काका जाईपर्यंत रोज भांडले. हवा किती भरायची, यंत्र कोणी बंद करायचं, चहात साखर कोणी जास्त टाकली. काका खाली जेवायला यायचा आणि घास हातात धरून वाद घालायचा. आई कान झाकून घ्यायची. मीही ओरडायचे दोघांवर, की जरा गप्प बसा, डोकं उठलंय. आमच्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

आता दुकान मी चालवते. बाबा येऊन बसतात. हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत. गोड बोलतात, सगळ्यांशीच, आणि ते मला बघवत नाही. परवा एक मुलगी रेतीतल्या वाटेसाठी चाक घेऊन आली. तिची माती मूठ उघडताच सांडून गेली. मी मुद्दाम कपाटातून आखूड, दाट बटणांचा दगडी टायर काढला, बाबांसमोर धरला आणि म्हटलं, पुढे हाच लावते. मला वाटलं, आता तरी खेकसतील.

बाबांनी टायर बघितला, माझ्याकडे बघितलं.

‘लाव, तुला वाटत असेल तर,’ म्हणाले.

मी तो टायर परत कपाटात ठेवला आणि रेतीचा काढला.