सत्काराचा मांडव

रोह्याच्या मैदानावर सकाळी फिरताना ते भेटतात. आधी कंपनीच्या टीममधले फुटबॉलपटू, मग कोच, आता फुटबॉल संघटनेचे सचिव. बोलताना ते समोरच्याच्या पायांकडे बघतात. "डावा पाय जड पडतोय तुमचा," हे त्यांनी मला म्हटलेलं पहिलं वाक्य.

गेल्या महिन्यात त्यांचा सत्कार ठरला. मैदानात मजूर मांडवाचे खड्डे खणताना दिसले, तसे ते धावत आले.

"इथं नाय! उद्या पोरी खेळणार हायत, कुणाचा पाय मुरगळंल."

"साहेब, मांडव तुमच्याच सत्काराचा हाय."

"मग सत्कार नको."

गुडघे टेकून त्यांनी स्वतःच्या हातांनी माती भरली. सत्कार झालाच नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी न राहवून विचारलं.

"वाटलं की! बायकोनं नवी साडी घेतली होती."