नकार लिहून द्या

"माताजी, इस उमर में छाती दिखाने का शौक चढ़ा है?"

सरकारी दवाखान्यातला आमचा डॉक्टर माझ्या बायकोला असं म्हणाला. दार सताड उघडं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. कंपाउंडर फिस्सकन हसला. डॉक्टर हसला.

मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून मला कुणी शूर म्हणू नये.

आम्ही राजधानीत, द्वारकेला राहतो. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका नर्सबाईने बायकांना सांगितलं होतं, काही दुखत नसलं तरी पन्नाशीनंतर छातीची मशीनवर तपासणी करून घ्या, कॅन्सर असला तर वेळेत कळतो. हिला पटलं. पण आमच्या सरकारी कार्डावर तपासणी करायची तर आधी या डॉक्टरची चिठ्ठी लागते. कार्ड माझ्या नावाचं. म्हणून तो बोलत होता माझ्याशी. ती समोर बसलेली, जशी काही पिशवी ठेवलीय.

"दफ्तरी थे ना आप? अफसरों की मेमसाब वाले चोचले मत पालिए. दर्द है? नहीं. तो घर जाइए."

मी चौथी शिकलेला. छत्तीस वर्षं दफ्तरी म्हणून केंद्र सरकारच्या फायली शिवल्या. शिकलेला माणूस बोलला म्हणजे विषय संपला, एवढी माझी अक्कल. "चल गं," म्हटलं. तिने नर्सबाईच्या कागदाच्या चार घड्या केल्या, पर्समध्ये टाकला आणि उठली.

मंडळात बायकांनी विचारलं. ही म्हणाली, "डॉक्टर नको म्हणाले." बस. आणखी पाचजणी जाणार होत्या. एकही गेली नाही. सगळ्यांचा डॉक्टर तोच.

दीड वर्षाने आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. मला सांगायला दोन महिने लावले. का, विचारलं.

"अहो, तुम्ही परत हसला असतात तर?"

किळस आली. डॉक्टरची नंतर, आधी माझी.

परत तोच दवाखाना. डॉक्टरने तपासलंसुद्धा नाही. "चर्बी की गाँठ होगी. बुढ़ापे में औरतें वहम पालती हैं. आप समझाइए इन्हें."

मी उठलो नाही. खुर्ची पुढे ओढली.

फायली शिवता शिवता एक गोष्ट मला कळली होती. साहेब तोंडाने कुणालाही हाकलतो, पण कागदावर 'नाही' लिहायचं म्हटलं की त्याचा हात अडतो. खाली सही राहते ना.

"साहब, लिखकर दीजिए. गाँठ है, जाँच की जरूरत नहीं. नीचे दस्तखत, तारीख, मुहर."

"अब आप मुझे सिखाएँगे?"

"बिल्कुल नहीं. आप लिखिए, मैं जाता हूँ."

उघड्या दारातून बाकावरची माणसं आत वाकून बघायला लागली. कंपाउंडर खाली बघायला लागला. डॉक्टरने बराच वेळ पेन फिरवलं. मग चिठ्ठी खरडली, तपासणीची, आणि माझ्याकडे भिरकावल्यासारखी सरकवली. मी हात लावला नाही.

"मरीज ये हैं. इनके हाथ में दीजिए."

दिली त्याने.

कॅन्सरच निघाला. काखेत पसरलेला. स्तन काढला, औषधं चालू आहेत, पुढचं कुणी सांगत नाही. ऑपरेशनवाल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी का नाही आलात?" ही माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे.

तो अजून त्याच खुर्चीत आहे. मार्केटमध्ये "नमस्ते अंकलजी" म्हणतो. मी तोंड फिरवतो.

त्या पाचजणींबरोबर आता मी जातो. कोरा कागद घेऊन. चौघींना चिठ्ठी मिळाली. पाचवीचा नवरा म्हणतो, "काका, जाऊ द्या ना, डॉक्टरसाहेब चिडतील." चिडू दे. सोमवारी तिचा नंबर. डॉक्टरला सांगणार आहे, बाईला तपासायचं असेल तर दार लाव. नाही म्हणायचं असेल तर उघडं ठेव. बाकावरच्यांना ऐकू दे. आणि लिही.