मावशीने ‘सातवी’ लिहिलं नाही

मावशी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या संध्याकाळी चिखलोलीच्या तिच्या छोट्या घरात फोटोसाठी जागा शोधणं चाललं होतं. आठवड्यापूर्वी सुमनमावशी कामावरून आली होती, चहा टाकला आणि ओट्यापाशीच कोसळली. हृदयविकाराचा झटका. मोठा मामा म्हणाला, दारासमोरचा खिळा चांगला आहे, तिथलं ते सर्टिफिकेट काढा. काका, म्हणजे मावशीचे यजमान, कोपऱ्यात तिच्या फोटोची काच पुसत बसले होते.

ते सर्टिफिकेट आयटीआयचं, फिटर ट्रेडचं. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली ती पहिली. मी पुढे एम.कॉम. झाले, कारण अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत माझ्यासोबत ती उभी होती.

आनंदनगरच्या कारखान्यांत आम्हाला काम मिळायचं ते ठेकेदाराकडून. फिटर म्हणून घेतलं तर कुशल कामगाराचा सरकारी दर द्यावा लागतो. म्हणून ठेकेदार सांगायचे, फॉर्मवर सातवी लिहा, हेल्पर म्हणून लागा, काम मशीनवरचंच करा. पोरं लिहायची. शेअर रिक्षात मुली एकमेकींना समजवायच्या, की सर्टिफिकेट घरीच ठेव, दाखवलंस तर गेटवरूनच परत. आजीसुद्धा तिच्यावर वैतागायची. मावशीचं उत्तर ठरलेलं.

“मी चोरून शिकले नाही. मग लपवू कशाला?”

तिला कुणी घेईना. बरेच महिने तिने कॅम्प तीनमधल्या एका शिवणकारखान्यात जीन्सचे धागे कापले. तिथला सेठ चिडवायचा, “इंजिनियर मॅडम, कैंची संभालके.” ती म्हणायची, “सेठ, कैंची भी लोहे की है. अपनी ही लाइन का माल.”

पुढे प्लास्टिकचे ड्रम बनवणाऱ्या एका कारखान्याला माणसं कमी पडली, तेव्हा तिला घेतलं. तिने फॉर्मवर आयटीआयच लिहिलं होतं, तरी पगाराच्या पावतीवर हेल्पर आलं. काम मात्र मशीनवर साचे बसवायचं. ती कल्याणला कामगार कार्यालयात तक्रार देऊन आली. चौकशीला अधिकारी आले, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, साचे बाहेरची माणसं येऊन बसवतात. अधिकाऱ्यांनी बायकांना विचारलं. मावशी सांगायची, मी मुद्दाम कुणाकडे बघितलं नाही, ज्याची त्याची चूल असते... मग मागून तिच्यासोबत काम करणारी वैशाली म्हणाली, “साचे आम्हीच बसवतो. मीपण आयटीआय आहे, साहेब. सातवी खोटं लिहिलंय.” तिच्या पाठोपाठ आणखी एक बोलली.

तिघींना कुशलचा दर मिळाला. नंतर ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने त्या दोघींना ठेवलं, मावशीला काढलं. मी संतापले होते. ती शांतपणे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“त्या दोघी आत आहेत ना? कुशल म्हणून? मग मी हरले कुठे?”

आणि तेच सर्टिफिकेट घेऊन ती पुढच्या कारखान्याच्या गेटवर गेली.

शिकलात की पगार वाढेल, असं आम्हाला शाळेत सांगितलं. सरकार आयटीआय काढतं, किमान वेतनही ठरवतं. पण शिक्षण आणि पगार यांच्यामध्ये कारखान्याचं गेट आहे, आणि तिथे आधी शिक्षण पुसायला सांगतात. आम्ही ते का पुसायचं? कायदा आपल्या पायांनी गेटच्या आत जात नाही, कुणीतरी तो न्यावा लागतो. परवा मलाही एका एजन्सीने सुचवलं, बायोडेटातून एम.कॉम. काढा, लगेच काम होईल. मी काढलं नाही. अजून फोन आलेला नाही. न येवो.

त्या संध्याकाळी मामाने खिळ्याकडे हात नेला, तसे काका उठले. “फोटो खाली टेबलावर ठेवा. ते तिथून हलणार नाही.”

दुसऱ्या दिवशी माणसं येत होती. दारातून आत येणारा प्रत्येक जण आधी समोरच्या भिंतीवर तिचा ट्रेड वाचायचा आणि मग खाली तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.