साहेबांच्या नावाखाली दबलेली तारीख

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. उमापुरात घराच्या ओसरीवर धनश्री लॅपटॉपवर काम करते आहे आणि भडकलेली आहे. मेंढपाळांच्या संघाची वेबसाइट ती सांभाळते. त्यासाठी तिने एक तयार डिझाइन सिस्टिम, म्हणजे पानांच्या मांडणीचा आयता संच, घेतली आहे. त्यातल्या हेडिंगला मोठ्या आणि छोट्या पडद्यासाठी वेगवेगळे माप देता येते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठसठशीत दिसणारे हेडिंग मोबाइलवर आपोआप लहान होते.

संघाचे सचिव विजयसिंह यांना नेमके हेच खटकले. चौकातल्या फ्लेक्सवर अध्यक्षांचे नाव सगळ्यांत मोठे असते, मग वेबसाइटच्या हेडिंगमधले तेच नाव मोबाइलवर बारीक का? मागच्या आठवड्यात त्यांनी फर्मावले, माप सगळीकडे एकच ठेवा. धनश्री भांडली, पण ऐकावे लागले.

परिणाम असा झाला की मोबाइलवर ‘मेंढपाळांचे कैवारी’ आणि पुढच्या चार पदव्यांनीच पडदा भरला. मेंढरांच्या लसीकरणाची तारीख पार खाली गेली. माळावर उन्हात मोबाइल बघणारे तिचे चुलते आश्रुबा यांना ती दिसलीच नाही. शिबिर होऊन गेल्याचे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. शेजारच्या कळपात तोवर रोग शिरला होता.

राहिलेल्या मेंढरांसाठी उद्या पुन्हा शिबिर आहे. म्हणून धनश्रीने आज तारीख वर घेतली, अध्यक्षांना खाली नेले आणि मोबाइलसाठीचे लहान माप परत दिले.

सातच्या आत विजयसिंहांचा फोन आला.

“ताई, साहेबांचं नाव खाली कावून गेलं?”

“तारीख वर आली म्हणून, दादा.”

“साहेब लई नाराज हायत. आत्ताच्या आत्ता पयल्यासारखं करा.”

“लस कुणाला टोचायचीय, साहेबांला का मेंढरांला?”

“जबान सांभाळा! काम काढून घेईन.”

“घ्या की. पासवर्ड उद्या शिबिर सुटल्यावर देते.”

अंगणातून आश्रुबा ओरडले, “साहेबाचं नाव बघून मेंढरू जगत न्हाई, सांग त्याला!”

विजयसिंहांनी फोन आपटला. आश्रुबांनी आपला मोबाइल हातभर लांब धरला, शिबिराच्या तारखेची पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि माळावरच्या सोबत्यांना फोन लावायला घेतला.

उद्या गुरुवार. सकाळी आठ वाजता उमापूरच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर लस टोचायला सुरुवात होईल.