खिडकीतलं बिननावाचं झाड

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना तिथे सगळे लेबलबाई म्हणत. नळीवर नाव नसेल तर साक्षात मालकाचं रक्तही त्या परत पाठवत. घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' लिहिलेलं. अशा बाईंच्या खिडकीत बिननावाचं झाड यावं आणि त्यांच्या सख्ख्या ताईने त्याचं पान रोज सकाळी चावून खावं, याला काय म्हणावं!

कुंडी दिली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी. या पानाने साखर उतरते म्हणाल्या. झालं, ताईने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. आईमागे याच ताईने शिकवण्या घेऊन धाकटीला शिकवलं होतं. ती आता डोळ्यांदेखत दुखणं वाढवून घेतेय, या विचाराने लेबलबाईंचा जीव खालीवर होई आणि रागही अनावर होई.

"निदान कसलं झाड आहे ते तरी कळू दे!"

"गुण आल्याशी मतलब. नाव घेऊन काय करायचंय?"

फोनने तीन फोटोंना तीन नावं सांगितली, त्यातलं एक विषारी. रोपवाटिकेच्या मालकाने विचारलं, "तुम्हाला कशावर हवंय ते सांगा, मग नाव सांगतो." शेवटी त्या फांदी घेऊन कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेल्या. सरांनी भिंग लावून पाहिलं, पान चुरगाळून हुंगलं. म्हणाले, "फूल आलं की आणा. नुसत्या पानावरून छातीठोक सांगता येणार नाही."

फूल येणार कुठून? पान म्हणून ताई रोज कोवळा शेंडाच खुडायची.

"महिनाभर त्याला हात लावू नकोस, ताई. पाया पडते तुझ्या."

"महिनाभर? आणि साखर वाढली म्हणजे?"

लेबलबाईंनी कपाळावर हात मारला. लोक रिपोर्ट घेऊन दारापर्यंत त्यांचा सल्ला विचारायला येत, पण घरात त्यांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

मग त्यांनी झाडाचा नाद सोडला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ताईला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढलं. नळीवर ताईचं नाव लिहिताना त्यांचं अक्षर वाकडं आलं.

संध्याकाळी रिपोर्ट ताईच्या हातात होता. दोनशे सत्त्याण्णव. ताईने चष्मा लावला, आकडा दोनदा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. एकदाची घाबरली, असं लेबलबाईंना वाटलं. त्यांनी घाईघाईने गोळ्यांचा डबा काढला, पेलाभर पाणी आणलं.

ताई उठून खिडकीशी गेली होती.

"खरं आहे गं तुझं," ती म्हणाली, "एका पानाने भागत नाहीये." आणि तिने दोन पानं तोडून तोंडात टाकली.