बापाच्या खांद्यावर, आबाच्या माघारी

माह्या मोठ्या भावाच्या पोरीचे पाय जमिनीले लागतच नाईत. भाऊ बाजारात निंगाला का पोरगी त्याच्या मानेवर. परवा तर त्यानं आमच्या बापासमोर तिची वेणी घातली. हो, वेणी! बाप्या माणसानं, भर ओसरीत! वेणी झाली खराट्यावानी, पण पोरगी खुश.

काकू चुलीपासून बोलली, "काय बाई जमाना! बापापुढं आपलं लेकरू मांडीवर घेते, अन् वरतून केसं इचरते. लाज नाई वाटत?"

भाऊ म्हणे, "कायची लाज, काकू? माहीच पोरगी हाय ना, का चोरून आणली?"

मी लगेच कंबरेवर हात ठेवून काकूच्याच आवाजात "काय बाई जमाना!" केलं. काकूनं उलथनं फेकून मारलं. आता माहं असंच हाय. शाळेत दाराआडून मास्तरचा आवाज काढाचो तं सारा वर्ग उठून उभा राहे. तेवढंच शिक्षण माह्या कामी आलं.

पण काकू काई खोटं बोलत नवती. आमी लहान होतो तवा आमच्या गावात, इंझोरीत, रीतच होती तशी. आपला बाप समोर असला का माणसानं सोताचं लेकरू घ्याचं नाई. कडेवर नाई, मांडीवर नाई. लेकरू रडून रडून निळं पडो, बाप आढ्याकडं पाहे. भावाचं लेकरू मात्र घेतलेलं चाले. म्हणून आमच्या घरात अदलाबदल होती. माहा बा काकाच्या पोराले घेऊन फिरे, अन् काका मले. काका माणूस सोन्यावानी, पण त्याचा खांदा म्हणजे निरं हाड. बाचा खांदा गादीवानी रुंद, अन् त्याच्यावर बसे कोण? काकाचं पोट्टं! वरतून मले वाकुल्या दाखवे, "तुहा बा माहा घोडा!"

मले गूळ नको होता, भोवरा नको होता. एकडाव बानं मले उचलावं, सगळ्यायच्या देखत, बस.

मायले इचारलं, "बा मले काहून घेत नाई? मी काय वंगाळ हावो?"

"आबा असतात ना घरी, तुह्या बाचे बाबा."

"मंग आबा वावरात जातात तवा?"

"तवा तुहा बाबी वावरातच जाते, बावा."

एका चैतात सारं घर पोहरादेवीच्या जत्रेले गेलो. बैलबंड्या लांब सोडल्या अन् पायी निंगालो. आबा सगळ्यायच्या पुढं, बाया मांगं, मंधात आमची अदलाबदल. जमीन अशी तापेल का त्याच्यावर भाकर भाजावं. आमच्या दोघा पोट्ट्यायचे सदरे कापडाच्या एकाच थानातले, गावच्या शिंपीचाचानं एकाच मापानं शिवले होते. दर्शन करून परततानी नारळाच्या दुकानापाशी बानं अन् काकानं आमाले खाली ठेवलं. मी लमाणी बायांच्या घागऱ्यायचे आरसे पाहून राह्यलो होतो. तेवढ्यात काकानं न पाहता तो सदरा उचलला अन् खांद्यावर टाकून गर्दीत घुसला. त्याच्यात होतं त्याचंच पोट्टं! बाले वाटलं का काकाच्या खांद्यावर मी हावो, अन् काकाचं पोट्टं बायांसंगं असंन. तोबी गेला पुढं.

मी एकटा. "बा! बा!" करून बोंबललो. पण जत्रेत जो तो पोट्टा "बा, बा"च करून राह्यला होता, कोण पाहते? तळपाय भाजत होते. एक उचलला का दुसरा जळे. मंग मी छाती फुगवली, हनुवटी गळ्यात खुपसली अन् आबाचा आवाज काढला.

"थोरल्या! कुठी मेला रे?"

गर्दीतून लगेच आलं, "आलो बाबा, आलो!"

बा बिडी फेकून, पागोटं सावरत धावत आला. माह्या डोक्यावरून इकडं तिकडं आपल्या बापाले पाहे. मंग खाली पाह्यलं.

"तू? तू काकापाशी नवता का?"

"काकापाशी त्याचंच हाय," मी म्हटलं, अन् रडाले लागलो.

बाचं तोंड पांढरं पडलं. त्यानं हात पुढं केले, अन् तेवढ्यात मांगून खरा आवाज आला, "माह्या आवाजात कोण वरडलं रे?"

आबा! आपलीच हाक ऐकून माघारी आला होता. बाचे हात अर्ध्यावर थांबले. मी या पायावरून त्या पायावर नाचत होतो. त्यानं आबाकडं पाह्यलं, माह्या पायाकडं पाह्यलं, अन् उचललं मले! असं आवळून धरलं का त्याची छाती माह्या कानात धडधड करे. कडेवरून मंग खांद्यावर घेतलं.

आबानं पाह्यलं. एकडाव. मंग वळून बाजूच्या दोरवाल्या चाचाले म्हणे, "कासरा कसा दिला?"

"अरे बाबा, अब्बी तो लेके गए तुम!"

"अजून एक दे."

कासरा घेऊन आबा पुढं चालाले लागला. घडीघडी मांगं पाहून माणसं मोजणारा आमचा आबा, पण बंडीपर्यंत मान वळवली नाई. वाटेत आमच्याच गावचा एक म्हातारा भेटला. दात काढून म्हणे, "काय भौ, थोरला सोताचं पोट्टं घेऊन चालून राह्यला तुमच्या मांगं! दिसते का नाई?"

"डोये समोर देल्ले देवानं," आबा म्हणे. "मांगचं मले काय दिसते?"

बा दाबून हसला, त्याचा खांदा गदगद हालला. मी त्याचं पागोटं दोन्ही हातानं धरून बसेल होतो. काकाचं पोट्टं पुढून वळून वळून पाहे. मी वाकुल्या दाखवल्या नाईत. तेवढं सुचलंच नाई.

बंडीपाशी आबा आमच्याकडं पाठ करून उभा राह्यला, अन् मोठ्यानं खाकरला. घरात शिरायच्या आंधी, सुनांनी पदर घ्यावा म्हणून खाकरे ना, तसाच. बानं मले खाली ठेवलं. माहा सदरा झटकला. मंग आबा वळला.